भूमीचे देणे

जर्मनीतील डार्मश्टाट या शहरी दिनांक १२ मे १८०३ रोजी युस्टुस लीबिग याचा जन्म झाला. त्याचे वडील रंग, रोगण आणि औषधी द्रव्ये यांचे व्यापारी होते. विकावयाच्या वस्तूंपैकी पुष्कळशा ते आपल्या लहानशा कर्मशाळेत स्वतःच तयार करीत. कढईत उकळणारे तेल, खलात घोटले जाणारे रंग आणि भट्टीवर चढविलेली भांडी हेच युस्टुसचे बालपणीचे जग होते. गावच्या जत्रेत एक फिरता विक्रेता मुलांसाठी फटाकड्या विकावयास येई. त्या फटाकड्यांचे स्फोटक द्रव्य तो चांदी, नायट्रिक आम्ल आणि मद्यार्क यांपासून बनवी. युस्टुस तासन् तास त्याच्याजवळ उभा राहून हे सारे न्याहाळीत असे. वास आणि रंग यांवरून त्याने त्यातील घटक ओळखले व घरी येऊन तेच द्रव्य सिद्ध केले.

शाळेत मात्र या मुलाची गणना मंदबुद्धी विद्यार्थ्यांत होई. लॅटिन व ग्रीक पाठांतरात त्याचे मन रमत नसे. एकदा शिक्षकांनी त्याला पुढे कोण होणार असे विचारले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ होणार, असे उत्तर त्याने दिले. आणि सारा वर्ग शिक्षकांसह हसू लागला. असा काही व्यवसाय असतो, हेच त्या काळी तेथे कोणास ठाऊक नव्हते. ही आठवण त्याने स्वतःच उत्तरायुष्यात लिहून ठेवली आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने शाळा सोडली. हेपेनहाइम येथील एका औषधविक्रेत्याकडे त्याला उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. परंतु वर्ष पुरे होण्याच्या आतच तो घरी परतला. माळ्यावर प्रयोग करीत असता स्फोट होऊन छप्पर उडाले व मालकाने त्याला घालवून दिले, अशी एक रंजक कथा सांगतात. वडिलांना उमेदवारीचे पैसे भरणे जमले नाही, हे दुसरे कारण अधिक संभवनीय वाटते. घरी आल्यावर त्याने डार्मश्टाटच्या राजवाड्यातील ग्रंथालयातून रसायनशास्त्राची जी जी पुस्तके मिळाली, ती ती वाचून काढली.

त्याच सुमारास युरोपवर एक मोठे संकट येऊन गेले होते. १८१५ च्या एप्रिल महिन्यात जावाच्या पूर्वेकडील एका बेटावर तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची सूक्ष्म धूळ व वायू आकाशात दूरवर पसरले, आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही. पिके शेतातच कुजली व धान्याचे भाव कडाडले. त्या वेळी युस्टुस तेरा वर्षांचा होता. पुढे ज्याने आयुष्याचा मोठा भाग धान्य अधिक कसे पिकेल या चिंतनात घालविला, त्याने लहानपणी हा दुष्काळ प्रत्यक्ष पाहिला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बॉन आणि एर्लांगेन येथील विद्यापीठांत त्याचे शिक्षण झाले. पण तेथे प्रयोग थोडे आणि तत्त्वचर्चा फार, अशी स्थिती होती. हेसच्या ग्रँड ड्यूकने शिष्यवृत्ती दिल्यामुळे १८२२ मध्ये तो पॅरिसला गेला, आणि तेथे त्याला खऱ्या अर्थाने गुरू लाभले. त्याने बालपणीच्या त्याच स्फोटक द्रव्यावर संशोधन केले व त्याचा निबंध १८२३ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सादर झाला. सुप्रसिद्ध प्रवासी व शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या नजरेत हा तरुण भरला. त्यांच्या शिफारशीने त्याला गे-ल्युसाक या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या खाजगी प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला, आणि त्यांच्याच शब्दावर १८२४ मध्ये गीसन येथील छोट्या विद्यापीठात त्याची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते.

गीसन येथे प्रयोगशाळेसाठी त्याला मिळाली ती लष्कराच्या एका रिकाम्या बराकीतील पहारेकऱ्यांची चौकी. सुरुवातीस पगार तुटपुंजा होता व साहाय्यकाचा खर्चही खिशातून करावा लागे. विषारी वायूंचे प्रयोग बाहेरच्या खांबांच्या ओसरीवर चालत. परंतु या ओबडधोबड जागेत लीबिगने शिक्षणाची एक नवी रीत घालून दिली. तोपर्यंत प्राध्यापक प्रयोग करून दाखवीत व विद्यार्थी पाहत. येथे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने प्रयोग करावा, चुकावे आणि पुन्हा करावा, असा दंडक पडला. १८३१ मध्ये त्याने पाच फुगे असलेले काचेचे एक लहानसे उपकरण तयार केले. एखाद्या सेंद्रिय पदार्थात कार्बनचे प्रमाण किती आहे हे त्या उपकरणाने सहज व अचूक मोजता येई. देशोदेशींचे विद्यार्थी गीसनला येऊ लागले. हॉफमन, केकुले, फ्रँकलंड, प्लेफेअर ही नावे पुढे रसायनशास्त्रात गाजली. ती सारी मंडळी लीबिगच्या तालमीत कमीअधिक काळ घडलेली. मात्र गुरूचा स्वभाव तापट होता. मतभेद झाला की त्याची लेखणी तलवारीसारखी चाले, आणि समोरचा मित्र आहे की शत्रू याचा विचार त्यास राहत नसे. फ्रीडरिख व्होलर या शांत स्वभावाच्या शास्त्रज्ञाशी त्याचे सख्य जन्मभर टिकले, याचे श्रेय बहुधा व्होलरकडेच जाते.

१८४० मध्ये लीबिगने शेतीच्या रसायनशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथाने मोठी खळबळ उडविली. जमिनीतील कुजलेला पालापाचोळा हेच वनस्पतींचे अन्न होय, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत. लीबिगने सांगितले की, वनस्पती कार्बन घेते तो हवेतून. आणि मुळांवाटे ती ओढून घेते ती पालाश, चुना, स्फुरद यांसारखी खनिज द्रव्ये. ज्या द्रव्याचा जमिनीत सर्वांत अधिक तुटवडा असेल, त्याच्याच मानाने पीक येते. इतर द्रव्ये कितीही ओतली तरी ती कमतरता भरून निघत नाही. हा सिद्धांत लीबिगच्या नावाने प्रसिद्ध असला, तरी कार्ल श्प्रेंगेल या जर्मन कृषिशास्त्रज्ञाने तो त्याच्या आधीच मांडला होता, हे येथे सांगितले पाहिजे. लीबिगचे सामर्थ्य होते ते मांडणीत. त्याचे पुस्तक जमीनदारांनी वाचले, मंत्र्यांनी वाचले आणि खेड्यांतील पाद्र्यांनीही वाचले.

या द्रव्यांपैकी स्फुरदाची कथा मोठी विलक्षण आहे. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. हाम्बुर्ग शहरातील हेनिग ब्रांट नावाचा किमयागार सोने बनविण्याच्या नादात मानवी मूत्र आटवीत बसला असता, १६६९ साली त्याला अंधारात चमकणारा हा पदार्थ मिळाला. सोने काही हाती आले नाही. स्फुरदाखेरीज ना बीज रुजते, ना प्राण्यांची हाडे बनतात. नत्र हवेत अमाप आहे. स्फुरद हवेत नाही. ते खडकांतून मातीत, मातीतून धान्यात, धान्यातून माणसांच्या व जनावरांच्या शरीरात जाते. पूर्ण वाढ झालेला मनुष्य रोज सुमारे दीड ग्रॅम स्फुरद मलमूत्रावाटे बाहेर टाकतो. ते शेतात परत गेले तर चक्र पुरे होते. गेले नाही तर जमीन वर्षानुवर्षे रिती होत जाते. आपल्या पूर्वजांनी या खतास सोनखत असे नाव दिले आहे, ते उगीच नव्हे.

हाडांत स्फुरद पुष्कळ असते. परंतु हाडांचा नुसता चुरा मातीत फार सावकाश विरघळतो. त्यावर गंधकाम्लाची क्रिया करावी म्हणजे पिकांना तो लवकर मिळेल, अशी सूचना लीबिगने १८४० च्या ग्रंथात केली होती. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडचा जमीनदार जॉन बेनेट लॉज याने १८४२ मध्ये या प्रकारच्या खताचे एकस्व घेतले आणि कारखाना काढला. आज आपल्याकडे दुकानातून सुपरफॉस्फेटचे जे पोते शेतकरी नेतो, त्याचे मूळ येथे आहे.

लीबिगने स्वतःही खताचा धंदा करून पाहिला, आणि तेथे त्याची फजिती झाली. १८४५ मध्ये लिव्हरपूलच्या मस्प्रॅट या मित्राच्या कारखान्यात त्याचे खनिज खत तयार होऊ लागले. पावसाच्या पाण्याने खत वाहून जाईल या भयाने त्याने त्यातील क्षार चुन्याबरोबर भट्टीत वितळवून काचेसारखे घट्ट करविले. खत वाहून गेले नाही हे खरे; पण ते पिकांनाही मिळाले नाही! शेतकऱ्यांनी पैसे मोजून आणलेले खत जमिनीत दगडासारखे पडून राहिले. इकडे रॉथॅमस्टेड येथे लॉजच्या जोडीला हेन्री गिल्बर्ट हा रसायनशास्त्रज्ञ होता, आणि तो गीसनचाच, लीबिगच्या हाताखाली पदवी मिळविलेला विद्यार्थी. या दोघांनी गव्हाच्या शेतावर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले की, केवळ खनिजे पुरत नाहीत. नत्रही घालावे लागते. पावसातून मिळणारा अमोनिया पुरेसा आहे, हे गुरूचे मत शिष्याने खोडून काढले. लीबिगला हा घाव फार लागला. दहा-पंधरा वर्षे वाद चालला आणि त्यात कटू शब्दांची देवघेव झाली. पुढे थॉमस वे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५० मध्ये दाखविले की, माती स्वतःच क्षार धरून ठेवते; ते सहजासहजी वाहून जात नाहीत. आपण सृष्टीच्या व्यवस्थेवर विश्वास न ठेवता ती सुधारावयास निघालो होतो, अशी स्पष्ट कबुली लीबिगने नंतर दिली. नत्राच्या बाबतीत मात्र त्याने पुरती माघार कधी घेतली नाही.

यानंतर त्याचे लक्ष एका मोठ्या प्रश्नाकडे वळले, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे कार्य ते हेच. इंग्लंडात त्या काळी कारखाने वाढत होते आणि खेड्यांतील माणसे शहरांत लोटत होती. शेतांतील धान्य शहरांत जाई, आणि त्यातील स्फुरद गटारांवाटे नदीत व नदीतून समुद्रात जाई. जमिनीचा कस टिकविण्यासाठी इंग्लंड युरोपातून जहाजे भरभरून हाडे आणवी. लाइपझिग, वॉटर्लू आणि क्रिमिया येथील रणांगणांवर पडलेल्या सैनिकांच्या अस्थीही इंग्लंडने सोडल्या नाहीत, असा जळजळीत आरोप लीबिगने केला. पेरू देशाच्या किनाऱ्याजवळील चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर होते. ते ग्वानो नावाचे खत १८४० नंतर युरोपात येऊ लागले. हजारो वर्षांत साचलेले ते डोंगर तीस-पस्तीस वर्षांत खणून संपले. लीबिगने याला सरळ लुटीची शेती म्हटले. जी जमीन आपणास पोसते तिचे देणे बुडवावयाचे, आणि ते बुडविता यावे म्हणून दुसऱ्याच्या घरातून उचलून आणावयाचे, हा व्यवहार किती दिवस चालेल, असा त्याचा प्रश्न होता.

पूर्वी लंडनमध्येही शौचकूप उपसणारे लोक असत व तो मैला आसपासच्या शेतकऱ्यांना विकला जाई. शहर पसरले, शेते लांब गेली, ग्वानो स्वस्त मिळू लागले आणि घरोघरी पाण्याचे शौचालय आले. तेव्हा हा व्यापार बसला. सारा मैला टेम्स नदीत जाऊ लागला, आणि तिचेच पाणी लोक पीत. पटकीच्या साथींत हजारो माणसे दगावली. १८५८ च्या उन्हाळ्यात तर नदीला इतकी दुर्गंधी सुटली की, काठावरील पार्लमेंटात बसणे अशक्य झाले. मग जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याच्या योजनेने शहराखालून विस्तीर्ण भुयारी गटारे बांधण्यात आली. ती सारी घाण शहराच्या पूर्वेस नेऊन ओहोटीच्या वेळी समुद्राकडे सोडून देत. या गटारांनी लंडनकरांचे प्राण वाचविले यात शंका नाही.

परंतु लीबिगच्या दृष्टीने ती जगातील एक फार मोठी उधळपट्टी होती. त्या वेळी लंडनची वस्ती सुमारे अठ्ठावीस लाख होती. माणशी दीड ग्रॅम या हिशेबाने रोज चार टनांहून अधिक स्फुरद समुद्रार्पण होत असे. १८५९ मध्ये त्याने याविषयी लिहिलेले पत्र लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात छापून आले, आणि १८६५ मध्ये त्याने लंडनच्या महापौरास उद्देशून याच विषयावर पत्रे प्रसिद्ध केली. लंडनचा मैला एसेक्स परगण्याच्या किनाऱ्यावरील रेताड भागात नेऊन तेथे शेती पिकवावी, अशी एक योजना तेव्हा पुढे आली होती. तिलाही त्याने विरोध केला. कारण वाळूत ओतलेले खत म्हणजे पुन्हा वायाच, ते कसाच्या जमिनीस मिळाले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. ती योजना बारगळली. पण लीबिगचे म्हणणेही कोणी अमलात आणले नाही.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. शौचालयातील पाण्याने खत इतके पातळ होते की, हजार लिटर सांडपाण्यात जेमतेम पाच-दहा ग्रॅम स्फुरद सापडावे. एवढे पाणी शेतापर्यंत वाहून नेण्याचा खर्च खताच्या किमतीच्या कितीतरी पट होई. शेतकऱ्याला सुपरफॉस्फेटचे पोते स्वस्त पडे. लीबिगने १८६२ च्या आवृत्तीत प्राचीन रोमचे उदाहरण दिले. त्या शहराच्या महागटाराने शेतकऱ्यांचे वैभव गिळले व साम्राज्यास उतरती कळा लागली, असे तो सांगे. इतिहासकार हे कारण एकटे पुरेसे मानणार नाहीत. चीन व जपान येथील शेतकरी मैला शेतात परत घालतात म्हणून तेथील जमीन शतकानुशतके पिकते आहे, हेही तो आवर्जून सांगे. ते खरे होते. मात्र कच्च्या मैल्याबरोबर रोगही शेतातून घरात परततो, या बाजूकडे त्याने पुरेसे लक्ष दिले नाही. ज्या आईचे मूल पटकीने गेले, तिला समुद्रात वाहून गेलेल्या स्फुरदाचे काय वाटणार? शहराचे आरोग्य आणि जमिनीचे देणे या दोहोंचा मेळ घालणारी विद्या त्या पिढीजवळ नव्हती.

१८५२ पासून लीबिग बव्हेरियाच्या राजाच्या निमंत्रणावरून म्यूनिक येथे राहत होता. तेथे त्याची व्याख्याने ऐकावयास राजघराण्यातील मंडळीही येत. आरशांना पाऱ्याऐवजी चांदीचा मुलामा देण्याची रीत, मांसाचा अर्क, लहान मुलांचे कृत्रिम अन्न अशी कितीतरी कामे त्याने केली. दिनांक १८ एप्रिल १८७३ रोजी म्यूनिक येथेच त्याचे देहावसान झाले. गीसन येथील विद्यापीठ आज त्याच्या नावाने ओळखले जाते, आणि त्याची जुनी प्रयोगशाळा संग्रहालय म्हणून जपून ठेवलेली आहे.

ज्या वर्षी लीबिग गेला, त्याच वर्षी बर्लिन शहराने जेम्स होब्रेश्ट या अभियंत्याची गटारांची योजना मंजूर केली. तीत सांडपाणी नदीत न सोडता पंपांनी शहराबाहेरील शेतांवर पोचविले जाई. शंभर वर्षे ही शेते भाजीपाला व गवत पिकवीत होती. पण कारखान्यांच्या पाण्याबरोबर जड धातूही मातीत साचत गेले, आणि १९८० नंतरच्या दशकात ती बहुतेक बंद करावी लागली. सांडपाणी आता शुद्धीकरण केंद्रांत जाऊ लागले.

बर्लिनजवळच्या वासमन्सडॉर्फ येथील अशाच एका केंद्रात एक अडचण उद्भवली. नळांच्या आत पांढरा, दगडासारखा कठीण थर चढू लागला आणि नळ तुंबू लागले. तपासता तो स्ट्रुव्हाइट नावाचा क्षार निघाला. मॅग्नेशियम, अमोनिया आणि स्फुरद यांचा तो संयोग. हा क्षार हाम्बुर्ग येथे १८४५ मध्येच सापडला होता. आगीत जळालेल्या चर्चच्या जागी पाया खणताना जुन्या उकिरड्याच्या मातीत त्याचे स्फटिक आढळले होते. जो थर नळांत नको, तोच आपण वेगळ्या टाकीत मुद्दाम का तयार करू नये, असा विचार अभियंत्यांनी केला. केंद्रातील सूक्ष्म जंतू सांडपाण्यातील स्फुरद आपल्या शरीरात साठवितात. तो गाळ बंद टाकीत कुजविला की स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते. मग त्यात हवा फुंकून कार्बन डाय-ऑक्साइड घालवितात व मॅग्नेशियमचा क्षार मिसळतात. लगेच बारीक स्फटिक बनून टाकीच्या तळाशी बसतात. ते धुऊन, वाळवून खत म्हणून विकले जातात. त्यांच्या शंभर भागांत सुमारे साडेबारा भाग स्फुरद असते. लीबिगला भेडसावणारा वाहतुकीचा प्रश्न येथे उरत नाही. कारण पाणी मागे राहते व स्फुरद तेवढे पोत्यात येते.

फॉस्फेटच्या खडकाचे ज्ञात साठे जगात थोड्याच देशांत आहेत. त्यांतील निम्म्याहून पुष्कळ अधिक मोरोक्को व पश्चिम सहारा या भागात आहेत. भारतालाही आपल्या गरजेचा बहुतेक खडक परदेशांतून आणावा लागतो. जर्मनीने २०१७ मध्ये असा नियम केला की, २०२९ पासून एक लाखांहून अधिक लोकसंख्येच्या क्षमतेच्या केंद्रांनी आणि २०३२ पासून पन्नास हजारांहून अधिक क्षमतेच्या केंद्रांनी, गाळात स्फुरद ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तर, ते गाळातून किंवा गाळ जाळून उरलेल्या राखेतून परत मिळविलेच पाहिजे. वासमन्सडॉर्फचे स्फटिक बर्लिनमधील हौशी बागवान लहान डब्यांतून नेतात आणि आपल्या टोमॅटोंना व गुलाबांना घालतात.